माझी छाती आणि हर्षालीचा ट्रॅक्टर

१४ जानेवारी, संक्रांत

औषध कंपनीवाल्यांनी दरवर्षी डायरी द्यायची आणि मी ती किराणा दुकानदाराच्या पोराला देऊन टाकायची, असा आमचा रिवाज. यंदाची ठेवून घेतली, कारण यंदा लिहिण्यासारखं आहे. आमच्या द्राक्षबागेची एक्सपोर्टची नोंदणी झाली आणि ती हर्षालीच्या नावाने झाली. माझ्या नाही, पुण्याला एसीत बसणारे आमचे चिरंजीव महेश यांच्याही नाही. पोरीच्या. बीएस्सी अ‍ॅग्री होऊन आली तेव्हापासून बाग तीच बघते. मी रंगनाथ, वय बासष्ट, बांधावर उभा राहून हुकूम सोडतो. ती ऐकत नाही ते वेगळं.

सकाळी आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर दत्तू तीळगूळ घेऊन आला. मी म्हटलं, वा, पोरगं सणाला घर विसरलं नाही. तर म्हणतो, "मालक, उद्यापासून मी नाय. वायनरीवाल्यांनी पर्मनंट घेतलं." गोड बोलायच्या दिवशी हे! ऐन हंगामात अख्ख्या दिंडोरीत ड्रायव्हर मिळेना झालाय. मी कपाळाला हात लावून बसलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "बाबा, मी चालवते की."

सिंधू लाटणं घेऊनच बाहेर आली. "कोण चालवतं?" म्हणाली. मायलेकींची जुंपली. आणि त्याच वेळी नेमका आमचा चुलतभाऊ गोटीराम तीळगूळ द्यायला दारात. त्याचा मळा आमच्या मळ्याला लागून, आणि त्याचं तोंड सगळ्या गावाला लागून. तो म्हणाला, "पोरगी बागेत ब्लोअर घालणार? मग रंगनाथ, मांडवाचे लोखंडी अँगल आत्ताच मोजून ठेव. नंतर सापडायचे नाहीत."

मला असा राग आला म्हणता! मी तिथल्या तिथे चावी हर्षालीच्या हातावर ठेवली.

१७ जानेवारी

जमतंय! अहो, नुसतं जमत नाही, झकास जमतंय. दोन ओळींच्या मधून ट्रॅक्टर, मागे औषध फवारायच्या ब्लोअरची टाकी, दोन्ही बाजूंना माल लटकलेला. एक घड हलला नाही. बारकू आणि त्याची मजुरांची टोळी सुरगाण्याहून येऊन आमच्या शेडवर राहते. बारकूची बायको अक्काबाई हातातली कात्री तशीच धरून बघत राहिली. "माझी पोर आशा बी शिकंल का वं?" मला विचारते. मी म्हटलं, शिकेल की, आधी हिचं होऊ दे.

फक्त मागे घ्यायला हर्षाली घाबरते. ओळ संपली की बांधाला वळायला जागा नाही, मागे घ्यावंच लागतं. म्हणून मी मागे उभा राहतो आणि हात हलवत ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" आमच्याकडे कुणी गाडी मागे घेऊ लागला की रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा मागे जाऊन हे काम करतो, मी तर बाप आहे. हर्षाली म्हणते, "बाबा, मागे नका ना उभे राहू, बाजूला राहा, आरशात दिसा." मी म्हटलं, तू आरसा केस बघायला ठेव.

१९ जानेवारी, सोमवार

लिहू की नको, असं झालंय. पण डायरी कोण वाचतंय?

भुरी रोगाचा स्प्रे चालू होता. शेवटच्या ओळींत मी कोपऱ्याच्या अँगलला पाठ टेकून उभा. "येऊ दे, येऊ दे." ती आरशात मला शोधत होती, मी होतो बरोबर टाकीच्या मागे. पोरीची चप्पल चिखलाने भरलेली, क्लचवरून पाय सटकला आणि ट्रॅक्टरने मागे उडीच मारली. ब्लोअरची लोखंडी फ्रेम सरळ माझ्या छातीत. मागे अँगल, पुढे फ्रेम. तिने लगेच पुढे घेतला, पण तेवढ्यात माझा श्वास कुठे गेला तेच कळेना. तोंड उघडं आणि आत काही येत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग आला एकदाचा.

हर्षाली उडी टाकून धावली. रडत, ओरडत, "बाबा, बाबा!" मी उठून बसलो आणि हसलो. "अगं काय झालं? शर्टाचं बटण तुटलं फक्त." खरंच रक्ताचा थेंब नाही, खरचटलंसुद्धा नाही. बारकूने लांबून सगळं पाहिलं होतं. तो आला, माझी छाती चाचपली आणि म्हणाला, "दादा, मुका मार हाय. दवाखान्यात चला." मी म्हटलं, मुका मार आहे ना, मग आंबेहळद लावू, दवाखाना कशाला?

दोघांकडून वचन घेतलं, कुणापाशी बोलायचं नाही. हर्षाली ऐकेना. तेव्हा मी म्हटलं, "बोललीस तर चावी परत घेईन." मग ती तयार झाली. लपवायचं कारण उघड आहे. गोटीरामला कळलं तर दिवस मावळायच्या आत गावभर, 'पोरीने बापाला चेपलं.' मग ही जन्मात पुन्हा त्या सीटवर बसायची नाही. दवाखान्यात जावं तर अपघात म्हटला की पोलीस केस. चालवत कोण होतं? लायसन्स कुठाय? हिचं अजून लर्निंगच आहे.

मग मी तिला परत ट्रॅक्टरवर चढवलं. "राहिलेल्या ओळी मारून टाक." तिने मारल्या. डोळे पुसत पुसत मारल्या, पण एक ओळ सोडली नाही. मी बांधावर बसून बघत होतो. ही माझी पोरगी आहे, एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावंसं वाटत होतं.

२० जानेवारी

आंबेहळद उगाळून लावली. सिंधूने बनियनवरचा पिवळा डाग बघितला. म्हटलं, उसण भरलीय. "उसण पाठीत भरते, छातीत कधीपासून भरायला लागली?" हिला सगळ्यात नाक खुपसायचं असतं.

२३ जानेवारी

आज लॅबची माणसं रेसिड्यू तपासायला घडांचे नमुने घेऊन गेली. औषधाचा अंश जास्त निघाला की युरोपचा माल बाद, वर्षभराची मेहनत लोकल मार्केटला. हर्षाली त्यांच्याशी असली बोलत होती की तो साहेब मलाच विचारतो, "काका, मॅडम कुठल्या कंपनीत होत्या आधी?" मी म्हटलं, रंगनाथ आणि कंपनीत.

साहेबांना बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत दाखवायला गेलो आणि परत येताना दम लागला. थंडीचा असेल. हर्षाली माझ्याकडेच बघत होती. "बाबा, छाती दुखते का?" मी म्हटलं, तू साहेबांकडे लक्ष दे.

२६ जानेवारी

काय सांगू! शाळेच्या पोरांच्या मिरवणुकीला ट्रॅक्टर-ट्रॉली पाहिजे होती. आमच्या सरपंच लंकाबाईंनी मुद्दाम निरोप धाडला, "हर्षालीच घेऊन आली पाहिजे." ट्रॉलीत भारतमाता, झाशीची राणी, दोन-तीन सैनिक, आणि ट्रॅक्टरवर आमची हर्षाली, फेटा बांधून. अख्ख्या गल्लीतून नेला, मारुतीच्या देवळापाशी तो अरुंद बोळ आहे ना, तिथूनसुद्धा. आणि बोळातून बाहेर काढताना मागेही घेतला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूने पदर डोळ्यांना लावला. लाटणं घेऊन आली होती ती हीच बाई.

नंतर ग्रामपंचायतीत चहा होता. गोटीराम शेजारी बसला आणि आजच्या दिवशी त्याला काय आठवावं? देवळ्याकडे त्याची सासुरवाडी. तिथला एक पिकअपवाला कांदा घेऊन विंचूरला निघालेला, पुढच्या ट्रकवर आदळला. स्टीअरिंग छातीत बसलं. वरून ओरखडासुद्धा नाही. गाडी स्वतः चालवत घरी आला, जेवला, चार-पाच दिवस नीट हिंडला-फिरला आणि हात धुता धुता मोरीतच पडला. "डॉक्टरांनी उघडून बघितलं तर काळीज आतून फाटलेलं," गोटीराम म्हणाला.

माझा चहा हातातच राहिला. मग मी विचारलं, "तंबाखू खायचा का?"

"खायचा थोडा."

मी म्हटलं, मग बरोबर. आणि तसंही त्याचे चार-पाच दिवस, माझा आठवडा उलटला. म्हणजे आपण पास.

३० जानेवारी, शुक्रवार

सिंधूच्या कटकटीला कंटाळून दिंडोरीला डॉक्टरांकडे गेलो. ती बरोबर येणार होती, तिला मी बाहेरच बसवलं. दम लागतो, आडवं झालं की जास्त लागतो, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, पावलं सुजतात, एवढं सांगितलं. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण चौकस. गळ्याच्या शिरा बघितल्या, कार्डिओग्राम काढला, पट्टी हातात धरून बघत बसला. मग विचारलं, "काका, मध्यंतरी छातीला काही लागलं होतं का? पडलात, आदळलात, गाडीवरून वगैरे?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "छे हो. लागायला काय झालंय?"

"नक्की?"

"डॉक्टर, माझ्या छातीला लागलं असतं तर मला कळलं नसतं का?"

तो हसला. म्हणाला, "पट्टी जरा वेगळी दिसतेय. नाशिकला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून या, दोन दिवसांच्या आत." गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन सिंधूला सांगितलं, गॅस आहे. एकदम सफाईने सांगितलं. वकील व्हायला पाहिजे होतो.

नाशिकला जाऊ ना, नाही कशाला म्हणतोय? पण रिपोर्ट येऊ दे, माल निघू दे. मी दवाखान्यात पडलो तर पोरगी बाग बघेल की मला? तिचं पहिलं वर्ष आहे.

२ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर आज भीती वाटली. आंघोळीनंतर टॉवेल पिळताना हातातला जोरच गेला, घाम फुटला, भिंतीला धरून उभा राहिलो. आतल्या आत काहीतरी फडफडलं. सिंधूला हाक मारणार होतो, पण बाहेर हर्षाली ट्रॅक्टर धूत होती, गाणं म्हणत. राहू दिलं.

हल्ली झोपायचं म्हटलं की खुर्चीतच बसून राहतो. सिंधूला सांगितलंय, पाठीला बरं पडतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पास!!! रिपोर्ट पास. एकूण एक औषध मर्यादेच्या आत. हर्षाली मोबाईल घेऊन धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. जोरात पडली, माझ्या तोंडून 'आई गं' निघालं, ती दचकून मागे झाली. "बाबा, अजून दुखतं ना? खरं सांगा." मी म्हटलं, आनंदाने ओरडलो, बापाने ओरडायचं पण नाही का?

मंगळवारी, दहा तारखेला, कंपनीची माणसं हार्वेस्टिंगला येणार. द्राक्षांच्या क्रेटा ट्रॉलीत भरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायच्या, तिथे कंटेनर लागणार. ट्रॉली कोण नेणार? कंपनीच्या माणसाने विचारलं, "ड्रायव्हर आहे ना तुमच्याकडे?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "आहे!"

दुकानातून पेढे आणवले. गोटीरामच्या घरी मी स्वतः नेऊन दिले. दोन घरं सोडून तर घर आहे, तरी मध्ये एकदा बसावं लागलं. त्याने पेढा खाल्ला आणि म्हणाला, "तुझा रंग का असा झालाय रे?" जळतोय, दुसरं काय?

९ फेब्रुवारी, नाशिक

हॉस्पिटलमधून लिहितोय. डायरी सिंधूने आणून दिली. हाताला सुई आहे, अक्षर वाकडं येतंय, समजून घ्यावं.

काल रविवारी बागेत सगळे होते. कंपनीचा माणूस क्रेटा टाकून गेला होता, गोटीराम सहज चक्कर मारायला आलेला, बारकू, अक्काबाई. मी सगळ्यांना सांगत होतो की यंदा साखर कशी उतरलीय, मणी कसा मोठा आहे. सांगता सांगता जीभ जड झाली. डोळे उघडले तेव्हा वर मांडवाचे घड दिसले आणि कानात हर्षालीचा आवाज. ती गोटीरामला सांगत होती. ओरडून सांगत होती, "काका, मीच धडक दिली बाबांना! ब्लोअरने! छातीत! त्या सोमवारी! त्यांनी कुणालाच सांगू दिलं नाही!"

मला वाटलं, झालं, संपलं. एवढे दिवस जपलं आणि पोरीने भर बागेत बोलून टाकलं. "गप बस," म्हणायला गेलो तर आवाज फुटेना.

गोटीरामने मला उचललं. खरंच, त्या काडीपैलवानाने उचलून आपल्या गाडीत टाकलं. थेट नाशिकच्या म्हसरूळपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. हर्षाली मागे माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, "माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे." तेव्हा गोटीराम पुढूनच म्हणाला, "पोरी, क्लचवरून माझा पाय दोनदा सटकलाय. एकदा माझा मेहुणा मागे होता, त्याचा पाय मोडला. ट्रॅक्टर म्हटला की असं व्हायचंच. तू चालवणं सोडू नको."

मी पडल्या पडल्या ऐकलं. त्याच्या तोंडाला घाबरून मी गप्प राहिलो होतो! अरे गोटीराम, हे तुला संक्रांतीला बोलता आलं नाही का?

इथल्या डॉक्टर साधना म्हणून आहेत, मोठ्या हुशार बाई. हर्षालीने त्यांनाही आल्या आल्या सगळं सांगितलं. सोनोग्राफी झाली, मशीनमध्ये घालून फोटो झाले. मग त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "काका, त्या दिवशीच हृदयाच्या भिंतीला जखम झालीय. बरगडी न मोडतासुद्धा होते. ती भिंत तिथे पातळ होऊन तिला फुगा आलाय, आणि बाहेरच्या पिशवीत रक्त झिरपतंय. फुगा फुटायच्या आत शिवायला हवा. बरेच लोक असे घरीच जातात."

"घरीच जातात?" मी विचारलं. "म्हणजे बरे होऊन?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सिंधूकडे बघितलं. मला पिकअपवाला आठवला. पण तो इथपर्यंत पोचलाच नव्हता, मी पोचलोय. फरक आहे ना.

मग पोलीस आला. हवालदार, चौकीतला, हातात कागद. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "साहेब, बांधावरून घसरलो आणि अँगलवर आदळलो. कुणाचा दोष नाही."

"खोटं आहे," हर्षाली दारातून म्हणाली. "मी ट्रॅक्टर मागे घेत होते. माझा पाय सटकला. माझं लर्निंग लायसन्स आहे. लिहा."

"अगं गप!" मी म्हटलं.

"तुम्ही गप बसा, बाबा. तुम्ही डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती." असं मला, बापाला! जन्मात पहिल्यांदा. सिंधूने तिला अडवलं नाही.

हवालदाराने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्याने लिहिलं. मग मला विचारलं, "तुमची काही तक्रार?" मी म्हटलं, कुणाविरुद्ध? माझीच पोरगी. चूक माझी, तिने सांगितलं होतं मागे उभे राहू नका म्हणून. तेही लिहा. त्याने तेही लिहिलं आणि सही घेतली. जाताना म्हणतो, "काका, पोरगी खमकी आहे." बस. एवढीच ती पोलीस केस. याच्यापायी मी हळदीचे लेप लावत बसलो होतो.

तो गेल्यावर मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होतो. राग आला होता म्हणून नव्हे. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पोरीला दाखवायचं नव्हतं. ट्रॅक्टर काय, आज ना उद्या कुणीही चालवतो. पण पोलिसासमोर उभं राहून 'माझ्या हातून झालं' म्हणायला मी बासष्ट वर्षांत शिकलो नाही. ही कुठून शिकली? माझ्याकडून तर नाहीच. सिंधूवर गेलीय. हे पहिल्यांदाच कबूल करतोय, आणि सिंधूला कळलं तर आयुष्यभर ऐकवेल.

संध्याकाळी तिला गावी पाठवलं. जायला तयारच नव्हती. "माल जाऊ दे, बाबा." मी म्हटलं, "कंटेनर उद्या लागणार, नोंदणी तुझ्या नावाची, ट्रॉली दुसरं कोण नेणार? ऑपरेशन दुपारी आहे. सकाळचा माल काढून दुपारपर्यंत येशील." तरी हलेना. शेवटी हात जोडले तेव्हा गेली. दारातून तीनदा परत आली. एकदा चप्पल विसरली म्हणून, पुढच्या दोनदा काहीच विसरली नव्हती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

महेश पहाटे पोचला. मिठी मारली, मग कॉरिडॉरमध्ये जाऊन फोनवर बोलत राहिला. डोळे लाल. रात्रभर गाडी चालवली ना. गावातून पोरं आलीत रक्त द्यायला, बारकूसुद्धा आलाय. एवढं रक्त कशाला लागतं कोण जाणे. लोकांना निमित्तच हवं असतं नाशिकला यायला.

हर्षालीने मोबाईलवर फोटो पाठवला. पहिली ट्रॉली भरलेली, क्रेटांवर क्रेटा, पुढे ती सीटवर, डोक्याला ओढणी बांधून. फोटो गोटीरामने काढलाय, त्याचं बोट अर्ध्या फोटोवर आलंय. अक्काबाईची आशा तिच्या शेजारी मडगार्डवर बसलीय. नर्स, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचे मास्तर, सगळ्यांना दाखवून झाला. मास्तर म्हणाले, "ही मुलगी आहे तुमची?" मी म्हटलं, "हीच. जिने मला इथे आणलं." ते 'अरे वा' म्हणाले. त्यांना दोन्ही अर्थांनी कळलं नसावं.

आत्ता डॉक्टर साधना आल्या. आणखी दोन डॉक्टर बरोबर. मशीनवरचा आकडा बघितला, माझं पोट दाबून बघितलं, पायांवर हात ठेवला. पाय गार पडलेत म्हणे. इंग्रजीत काहीतरी बोलले. मग बाई म्हणाल्या, "काका, दुपारपर्यंत थांबायचं नाही. आत्ताच घेऊ या." सिंधूने कागदावर सही केली. मग बाईंनी विचारलं, "मुलगी कुठे आहे? तिला लगेच बोलावून घ्या."

बघा! कालपासून मी एवढं सांगतोय तिच्याबद्दल, आता बाईंनाही तिला भेटायचंय. मी म्हटलं, मॅडम, ती यायचीच आहे, तुमची ओळख करून देतो. युरोपला माल पाठवतेय आज.

महेशने फोन लावून दिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा गलका. "बाबा, शेवटची ट्रॉली भरतेय. माल एकदम मस्त निघाला, साहेब खूश आहेत. मी येऊ का लगेच?" महेश मान हलवून मला खूण करत होता, लगेच, लगेच म्हण. हा कधी शेतात राबला नाही, याला काय कळतं? भरलेली ट्रॉली अशी अर्ध्यावर टाकून येतात का?

मी सांगितलं तिला, "कंटेनरचं दार तुझ्या हाताने लाव, मगच निघ. आणि सावकाश ये गं, घाई करू नको. रस्त्याला ट्रॅफिक असतं."